मेन्यूकार्डाचं शेवटचं पान

रविवारी रात्री ठाण्यातल्या राम मारुती रोडवरच्या कुठल्याही बऱ्या हॉटेलाबाहेर उभं राहिलं की अर्धा नौपाडा भेटतो. दाराशी वही घेऊन उभा असलेला मुलगा नाव आणि ‘कितने लोग’ एवढंच विचारतो. मग फुटपाथवर, कुणाच्या तरी उभ्या स्कूटरच्या सीटवर पोरं टेकवून, आपल्या नावाचा पुकारा व्हायची वाट बघायची. आमचे कित्येक रविवार असे गेलेत. साडेआठला घरातून निघायचं, नऊला वहीत नाव, साडेनऊला टेबल. तोवर धाकट्याची भूक मरून पुन्हा जागी झालेली, थोरली माझ्या फोनसाठी माझ्याशी भांडून बसलेली, आणि सासूबाईंचं ‘मी आपली घरी दूध-भाकरी खाल्ली असती’ दोनदा म्हणून झालेलं.

टेबलाशी बसलं रे बसलं की मी मेन्यूकार्ड मागून उघडायचे. मुलांचे पदार्थ शेवटच्या पानावर असतात. कोपऱ्यात हसरं अस्वल, फुगे, वेडीवाकडी रंगीत अक्षरं. फ्रेंच फ्राइज, बटाट्याच्या हसऱ्या तोंडाच्या स्मायली, चीज कॉर्न नगेट्स, व्हाइट सॉस पास्ता, हक्का नूडल्स बिनतिखटाचे, मिनी पिझ्झा. तळाशी चॉकलेट मिल्कशेक. पान सप्तरंगी, आणि त्यातून जे ताटात येतं ते कायम एकाच रंगाचं, पिवळट-तपकिरी. चार वर्षं मी ते पान बघत होते, पण हे काही माझ्या डोळ्यांत भरलं नाही. डोळ्यांत भरायचं ते एवढंच, की फ्राइज सात मिनिटांत येतात आणि आले की आमचं टेबल गप्प होतं.

गेल्या पावसाळ्यात धाकट्याचं पोट अडलं. सहा वर्षांचं पोर, बाथरूममध्ये रडतंय आणि बाहेर आम्ही तिघं मोठी माणसं दाराला कान लावून उभी. सासूबाईंचे सगळे उपाय करून झाले. भिजवलेल्या मनुका, पपई, कोमट दुधात साजूक तूप. दोन दिवस बरं वाटायचं की पुन्हा तेच. शेवटी आमच्या गल्लीतल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, आणि मला वाटलं होतं घरी काय खातो ते विचारतील, तर म्हणाल्या, “बाहेर काय खातो?”

“आठवड्यातून एकदा जातो फक्त,” मी म्हटलं. नवऱ्याने माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघितलं.

परत येताना रिक्षात थोरली बोटं मोजायला लागली. ती अकरा वर्षांची आहे आणि मोजायला तिला फार आवडतं. रविवार. बुधवारी आईची ट्रेन रखडली म्हणून पार्सल. शुक्रवारी बिल्डिंगमध्ये वाढदिवस. शनिवारी मॉल. आणि मंगळवारी चित्रकलेच्या क्लासनंतर बाबाने दिलेलं ते. “आई, पाच.”

डॉक्टरीणबाईंना पुढच्या वेळी मी हा खरा आकडा सांगितला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “पाच वेळा बाहेर खाल्लं म्हणून एवढं अडत नाही हो. पण पाचही वेळा त्याने एकच पदार्थ खाल्लाय, फक्त आकार वेगवेगळे. मैदा, बटाटा, चीज. ह्यात चोथा कुठे आहे?” ‘चोथा’ हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. आम्ही फायबर म्हणतो आणि ते बिस्किटाच्या पुड्यावर शोधतो.

मग माझं जे व्हायचं तेच झालं. मी पोलीस झाले. पुढचे पाच-सहा रविवार मी कार्ड हातात घेऊन निकाल दिल्यासारखी बोलत होते. हे नको, ते तळलेलं, त्यात कॉर्नफ्लोर असतं, कोला तर विचारूच नका. नवरा खाली मान घालून हळूच मागवायचा आणि मी वरून नापास करायचे. एका रविवारी गोखले रोडवरच्या हॉटेलात धाकट्याने टेबलाखाली जाऊन रडणं सुरू केलं, बाजूच्या टेबलावरच्या काकू माझ्याकडे ‘काय बाई आहे’ असं बघायला लागल्या, आणि थोरली अगदी शांतपणे म्हणाली, “आई, मग आपण बाहेर येतोच कशाला?”

ह्याचं खरं उत्तर मला तिथे देता आलं नाही. रविवारी संध्याकाळी मला ओट्याकडे बघायचं नसतं, म्हणून आपण बाहेर येतो. सहा दिवस सकाळी साडेपाचला उठून तीन डबे भरायचे, लोकलने फोर्टला जायचं, परत येऊन कुकर लावायचा. सातव्या दिवशी कुणीतरी पुढ्यात आणून ठेवावं एवढीच हौस. आणि त्या टेबलावर चाळीस मिनिटं मला नवऱ्याशी दोन वाक्यं सलग बोलायला मिळावीत, म्हणून मी ते शेवटचं पान उघडत होते. अस्वल आणि फुगे मुलांसाठी छापलेले असले तरी ते पान माझ्यासाठीच होतं. हे कळल्यावर काही दिवस फार अपराधी वाटलं. मग तेही सोडून दिलं, कारण अपराधी वाटून पोट साफ होत नाही.

भाऊबीजेला माझा मावसभाऊ आला. तो बारा वर्षं हॉटेल लाइनमध्ये आहे, आधी वेटर, आता वाशीच्या एका हॉटेलात कॅप्टन. त्याला मी हे सगळं सांगितलं तर तो हसायलाच लागला. “ताई, ते पान म्हणजे एका कढईचं पान आहे.”

त्याने समजावलं ते असं. फ्राइज, स्मायली, नगेट्स हे सगळं फ्रीजरमधून पाकीट फाडून थेट तेलात जातं. त्याला आचारी लागत नाही, नवा पोऱ्याही काढतो. चार मिनिटांत टेबलावर. मूल गप्प, आईबाप निवांत, आणि निवांत माणूस स्टार्टर जास्त मागवतो. त्याच कढईत मंचुरियनचे गोळे, कांदाभजी, पापड, सगळं तळलं जातं. तेल किती वेळा वापरायचं ह्याला नियम आहे. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१८ पासून मर्यादा घातली आहे, तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवलं की वाढत जाणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्र बरी हॉटेलं ठेवतातही. “पण रविवारी रात्री साडेनऊला,” तो म्हणाला, “कढईची सकाळपासून काय दशा झाली असेल ते तूच विचार कर. यायचंच तर सातला ये. तेल बरं, आचारी बरा, आणि माझाही मूड बरा.”

मग त्याने ग्रेव्ह्यांचं सांगितलं. मला वाटायचं, आपण ‘कम तीखा’ म्हटलं की आत कुणीतरी आपल्यासाठी वेगळी भाजी करतो. तसं काही नसतं. सकाळीच मोठ्या पातेल्यांत दोन-तीन ग्रेव्ह्या तयार होतात. लाल म्हणजे टोमॅटो-कांद्याची, पांढरी म्हणजे काजू-मगजबीची, आणि मखनी, जिच्यात लोणी, क्रीम आणि साखर आधीच पडलेली असते. पनीर मखनीतली साखर तुम्ही सांगून कमी होत नाही, ती सकाळी अकरालाच पडून गेलेली असते. बिनतिखट म्हटलं की उलट वरून आणखी क्रीम ओततात, तिखट मारायला. “तू पोराला कमी तिखट म्हणून जे देतेस ना, ते जास्त क्रीमवालं असतं,” हे त्याचं वाक्य मी त्या दिवशी डायरीत लिहून ठेवलं.

मग मागायचं काय? जे ऑर्डर आल्यावर होतं ते. डाळ सकाळी शिजलेली असते, पण फोडणी ऐनवेळी पडते, त्यामुळे दाल फ्रायमध्ये मिरची नको, वरचं बटर नको, हे खरंच ऐकलं जातं. तंदुरी रोटी भट्टीतून निघते तेव्हा कोरडीच असते, लोणी नंतर ब्रशने लावतात, नको म्हटलं की नको. (कणकेत मैदा मिसळतात का हे मात्र विचारावं. बहुतेक ठिकाणी मिसळतात, आणि विचारलं की वेटर ‘फुल आटा मॅडम’ म्हणतो, त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.) साधा भात, साधं दही, पालकाची भाजी लसूण घालून. टिक्का तंदूरमधला असतो, तळलेला नसतो, पण मसाल्यात आधीच मुरवून ठेवलेला असतो, त्यामुळे तिथे तिखट कमी करून मिळत नाही. क्रीम ऑफ टोमॅटोत कॉर्नफ्लोर आणि साखर, त्यापेक्षा लेमन कोरिएंडरसारखं पातळ सूप बरं. आणि सॅलड पावसाळ्यात मागवायचं नाही, हे त्याने न विचारता सांगितलं. कधी चिरलंय आणि कुठल्या पाण्याने धुतलंय, हे कॅप्टनलाही माहीत नसतं म्हणे.

तर आता आम्ही सातला जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा वेटर टेबलं पुसत होते आणि आम्हाला हवं ते टेबल मिळालं, खिडकीजवळचं, ज्याच्यासाठी रात्री साडेनऊला लोक एकमेकांकडे डोळे वटारून बघतात. धाकटा जागा होता. ही गोष्ट लहान वाटेल, पण जागं आणि बेताचं भुकेलेलं मूल पुढ्यातलं चाखून बघतं. भुकेने कळवळलेलं आणि पेंगुळलेलं मूल फक्त ओळखीचं मागतं, आणि त्याला ओळखीचं म्हणजे शेवटचं पान. चार वर्षं आम्ही त्याला नेमकं त्याच वेळेला विचारत होतो की तुला काय हवं.

मुलांसाठी वेगळं मागवणंही बंद केलं. आमच्याचसाठी मागवतो त्यातलं त्यांना वाढतो, फक्त मागवताना त्यांचाही विचार करतो. सूप एक बाय दोन आधी येतं. पाण्याची बाटली कोणाच्याही आधी टेबलावर येते. ताटात डाळ-भात, दह्याची वाटी, एक काहीतरी भाजी. दोन तळलेल्या वस्तू चालतात, पण मधोमध, सगळ्यांच्या. फ्राइज मधोमध ठेवले की धाकट्याच्या वाट्याला आठ-दहा येतात, कारण नवरा आणि थोरली काही कमी नाहीत.

मॉलचं गणित मात्र मला अजून सुटलेलं नाही. तिथे मुलांचा जीव अडकलेला असतो, आणि फूड कोर्टात सगळं दिव्यांनी उजळून टाकलेलं. एका शनिवारी थोरलीने वर बोट दाखवलं. पाटीवर प्रत्येक पदार्थापुढे बारीक अक्षरांत आकडा होता. किलोकॅलरी. १ जुलै २०२२ पासून ज्यांची दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं आहेत किंवा ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे, त्यांना हे आकडे लिहावेच लागतात. मी इतके महिने त्या पाटीखाली उभी राहून किंमतच वाचत होते. खाली एक ओळ होती, त्याहून बारीक, की सरासरी हालचाल करणाऱ्या प्रौढ माणसाला दिवसाला २००० किलोकॅलरी लागतात.

“आणि ह्याला किती?” थोरलीने भावाकडे बोट केलं. ते पाटीवर नव्हतं. मुलांच्या डब्यात खेळणं घालून विकणाऱ्यांच्या पाटीवर मुलाचा आकडा नाही. घरी येऊन बघितलं. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३५० पुरतात. म्हणजे एक बर्गर, मध्यम फ्राइज आणि शेक मिळून माझ्यासाठी जे जड जेवण, ते त्याच्यासाठी दिवसाचा मोठा वाटा. आणि आम्ही ते दुपारी चारला, ‘काहीतरी हलकं’ म्हणून द्यायचो.

साखरेचं गणितही तिनेच मांडलं. सीबीएसईने २०२५ च्या मे महिन्यात शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कुठल्या खाण्यापिण्यात किती साखर आहे ते दाखवणारा फलक. त्या परिपत्रकात म्हटलंय की चार ते दहा वयाच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींपैकी १३ टक्के साखरेतून येतात, आणि असाव्यात ५ टक्के. तिच्या शाळेत तो फलक कँटीनच्या वाटेवर आहे. तिने वहीत हिशोब केला. कोलाच्या १०० मिलीत साखर साधारण साडेदहा ग्रॅम, म्हणजे २५० मिलीत सव्वीस. भावाच्या १३५० किलोकॅलरींचे ५ टक्के म्हणजे सदुसष्ट, ग्रॅममागे चार धरल्या तर साखर सतरा ग्रॅम. “एका ग्लासात ह्याचा दीड दिवस संपला,” असं म्हणून तिने वही भावापुढे धरली. त्याला भागाकार येत नाही. त्याने विचारलं, “मग अर्धा दिवस उधार?” त्या दिवसापासून आमच्याकडे कोलाला ‘उधारी’ म्हणतात. बंद नाही केला. वाढदिवसाला उधारी चालते.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१९ पासून असा कायदा आहे की हॉटेलातल्या मुलांच्या जेवणाबरोबर आपोआप जे पेय येतं ते पाणी, बिनसाखरेचं सोडापाणी किंवा साधं दूधच असलं पाहिजे. कोला हवा असेल तर आईबापांनी तोंडाने मागायचा, मिळतो. मला हा कायदा फार मनुष्यस्वभाव ओळखणारा वाटला. कारण मॉलमध्ये ‘कॉम्बो कर दूँ मॅडम?’ ह्या प्रश्नाला मी आजवर कधीच विचार करून हो म्हटलेलं नाही. मागे रांग असते, कडेवरचा घसरत असतो, हो निघून जातं.

ह्या सगळ्यात आम्हाला तारलं ते उडप्यांनी. आमच्या स्टेशनजवळच्या अण्णांच्या हॉटेलात मुलांचं पानच नाही. इडली आहे, ती उकडलेली आणि आंबवलेली, आणि तिच्याबरोबर बादलीतून येणारं सांबार. इथे ठाण्यात सांबार जरा गोडसर असतं, चेन्नईची माणसं नाकं मुरडतात, पण मुलांना तेच चालतं. त्यात तूरडाळ, दुधी, लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगा. घरी दुधीचं नाव काढलं की धाकटा जेवणावरून उठतो. तिथे तो ‘काका, सांबार’ म्हणतो आणि काका न बोलता वाटी भरतात, पैसेही लावत नाहीत. एका सकाळी त्याने चार वाट्या प्यायल्या. मी मनातल्या मनात दुधीच्या फोडी मोजत होते आणि चेहऱ्यावर काही दाखवत नव्हते. दाखवलं असतं तर पाचवी वाटी बंद. शेवग्याची शेंग चोखून उरलेला चोथा त्याने बशीच्या कडेला ओळीने मांडून ठेवला होता, सैनिकांसारखा. तेव्हा डॉक्टरीणबाईंची आठवण झाली.

ज्यूस सेंटरवर फसायला होतं हे मात्र सांगते. फळ आहे म्हणून आपण डोळे मिटून देतो. मोसंबीचा चोथा गाळला जातो, वरून साखरेचा पाक पडतो, आणि उरतं ते गोड पाणी. विदाउट शुगर म्हणून उभं राहून बघायचं, हात पाकाच्या बाटलीकडे सवयीने जातोच. त्यापेक्षा गाडीवरची कापलेली पपई, पण ती डोळ्यांसमोर कापलेली. किंवा शहाळं, मलई खरवडून. तलावपाळीला बोटीत बसून झाल्यावर आम्ही आता शहाळं घेतो. नेहमी घेतो असं लिहिणार होते, पण नवरा हे वाचतो. गेल्या महिन्यात कालाखट्टा गोळा घेतला होता, दोघांनाही, आणि माझी जीभही जांभळी होती.

तसंच वडापावचं. ठाण्यात मूल वाढवायचं आणि कुंजविहारचा वडापाव लपवायचा, हे होणं नाही. नवऱ्याने तर धाकट्याला मामलेदारची मिसळही दाखवली. बिचाऱ्याला वाटलं लाल सरबत आहे. एका चमच्यात उचकी लागली, दोन ग्लास पाणी झालं, आणि तरी परत येताना शेखी मिरवत होता की मी मामलेदारची मिसळ खाल्ली. खाल्ली होती ती उसळ, पावाच्या तुकड्यावर, दह्यात बुडवून. माझी काही तक्रार नाही. कडधान्यच ते.

पण मला खरं सांगायचंय ते खानावळीबद्दल. नवरा मालवणकडचा. त्यांच्या ओळखीच्या एकांची एक लहानशी मालवणी खानावळ आहे, सहा टेबलं, लॅमिनेट केलेला एकच कागद, त्यात वरून खालपर्यंत मासे. एसी नाही म्हणून मी तिथे जायला नेहमी नाक मुरडायचे, आणि मुलं काय खाणार हा माझा ठरलेला सवाल. ह्या वेळी सासूबाईंनी हट्टच धरला. मी बसल्या बसल्या सवयीने कागद उलटा केला. मागे गणपतीचं चित्र असलेलं कॅलेंडर छापलेलं होतं.

बांगडा थाळी सांगितली, दोन. तव्यावरचा बांगडा, रवा लावलेला, कडा कुरकुरीत. तांदळाची भाकरी, भात, आमटी, सोलकढीचा ग्लास. सासूबाईंनी धाकट्याला मांडीशी घेतलं. त्यांनी बांगड्याचा कणा मधोमध बोटाने दाबला, एका बाजूचं मांस अलगद सोडवलं, मग शेपटीकडून काटा धरून अख्खाच्या अख्खा वर उचलला, पिसासारखा. धाकटा तोंड उघडं टाकून बघत होता. उरलेले बारीक काटे त्यांनी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चाचपून काढले, ताटाच्या कडेला ठेवले, आणि भातात मासा कालवून घास पुढे केला. “वायच खाऊन तरी बघ रे झिला.”

त्याने खाल्ला. दुसरा घास त्याने स्वतः चाचपला, आजीसारखी चिमटी करून, आणि एक काटा सापडल्यावर तो असा ओरडला की गल्ल्यावरचे मालक उभे राहिले. मग काटा शोधणं हाच खेळ झाला. खेळात अर्धा बांगडा आणि वाटीभर भात कधी गेला ते त्याला कळलं नाही. सोलकढी मात्र त्याने हुंगून बाजूला सारली. गुलाबी दिसतं म्हणून गोड असेल असं वाटलं होतं त्याला, आणि निघाली आंबट. ह्या विश्वासघातातून तो अजून सावरलेला नाही.

“आमच्या वेळी पोरांसाठी वेगळं काय नसायचं,” सासूबाई म्हणाल्या. “जा असात ता. काटे काढून दिले की झालं.” त्या जेवल्या मात्र नाहीत फारशा. नवी कवळी त्यांना हिरडीला लागते, भाकरी चावत नाही, आणि वयाने तिखटही सोसत नाही. आमटी-भात कालवून चार घास खाल्ले. मी ते बघितलं, आणि मुलाच्या ताटाच्या आनंदात विसरूनही गेले.

पुढचा रविवार पुन्हा राम मारुती रोड, सात वाजता, खिडकीचं टेबल. मी पालक, डाळ, रोट्या सांगत होते. धाकट्याने वेटरला विचारलं, “काका, बांगडा आहे?” ते शुद्ध शाकाहारी हॉटेल होतं. वेटरने गंभीरपणे सांगितलं की आज संपला. सासूबाई चष्मा कपाळावर सरकवून कार्ड चाळत होत्या, एकेक पान, सगळ्यात तिखट किती असेल ह्याचा अंदाज घेत. शेवटच्या पानावर थांबल्या. अस्वलावर बोट ठेवून वेटरला म्हणाल्या, “ह्यातलं हे हसतं तोंड आहे ना, ते मऊ असतं?”

“एकदम सॉफ्ट, आजी.”

“तिखट?”

“बिलकुल नाय.”

स्मायलीची बशी सात मिनिटांत आली. त्यांनी एक उचलली, दोन्ही डोळे आणि तोंड नीट निरखलं, हिरड्यांनीच दाबून खाल्ली. धाकट्याचा हात पुढे आला तशी त्यांनी बशी अलगद आपल्याकडे ओढून घेतली.

“तू पालक खा,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, “बरां लागतां गो ह्यां. आजवर सांगितलंस नाय कधी?”